साडेसत्तावीस मीटरवरचं स्टेशन



गेल्या महिन्यात इथे रामबागेतल्या वाड्यांवर लागोपाठ दोन-तीन छान पोस्टी आल्या. त्यातल्या एकीत लिहिलं होतं की प्रत्येक वाड्यात एक रेडिओ असायचा आणि त्याच्या बटणांना हात लावायची परवानगी एकाच माणसाला असायची. वाचून हसलो. आमच्या वाड्यात तो माणूस म्हणजे माझे वडील, अण्णा. त्यांच्या एका वहीबद्दल बरीच वर्षं लिहीन लिहीन म्हणत होतो, आज लिहून टाकतो. पोस्ट लांब आहे, मधे थोडं गणितही आहे, पण बेरीज-वजाबाकीच्या पुढे काही नाही. मी बी.कॉम. झालेला बँकवाला, त्यापुढचं मलाही येत नाही. आणि मराठी आमची इंदुरी, "येऊन राहिलो, जाऊन राहिलो" वाली. सांभाळून घ्या.

अण्णा कापड गिरणीत होते. नोकरीची सुरुवात सांचा खात्यात झाली, म्हणजे शे-दीडशे माग एकदम खडखडत असायचे तिथे. पुढे अक्षर चांगलं आणि हिशेब पक्का म्हणून हिशेब खात्यात टेबल मिळालं, पण तोपर्यंत डावा कान गेलेला होता. पूर्ण नाही, पण त्या बाजूनं कुणी बोललं तर ते मान वळवून उजवा कान पुढे करायचे. रेडिओपाशी बसायचेही असे तिरपे. आई म्हणायची, "रेडिओशी भांडण झाल्यासारखे काय बसता?"

सेट पाच व्हॉल्व्हचा. लाकडी पेटी, पुढे जाळीचं कापड, काचेवर स्टेशनांची नावं आणि लावल्यावर हळूहळू उजळणारा हिरवा डोळा. वर गच्चीपर्यंत तांब्याची हवाई तार. पोस्टात जाऊन दरसाल परवान्याचे पैसे भरायचे, ते पुस्तक अण्णा रेशनकार्डाच्या बरोबर ठेवायचे.

त्या काळी इंदूरच्या मराठी घरात रेडिओ म्हणजे काय होतं हे इथल्या मंडळींना सांगायला नको. 1955 मध्ये मालवा हाऊसमधून आपलं इंदूर केंद्र सुरू झालं, दिवसभर तेच लागायचं. बुधवारी रात्री आठला सगळा वाडा बिनाका गीतमालेसाठी सिलोनवर. आणि रात्री उशिरा, हवा चांगली असली तर, मिडियम वेव्हवर मुंबई केंद्र लागायचं. कधी खणखणीत, कधी विहिरीतून आल्यासारखं. त्यात एखादं भावगीत सापडलं की आई भांडी तशीच टाकून येऊन बसायची. तिचं माहेर तिकडचं.

अण्णांचा स्वतःचा वेळ मात्र त्यानंतरचा, रात्री दहानंतरचा, आणि तो शॉर्टवेव्हचा. मॉस्को, पेकिंग, बीबीसी, व्हॉइस ऑफ अमेरिका, जर्मनी. ते नुसते ऐकत नसत, लिहून ठेवत. कापडी पुठ्ठ्याची, गिरणीच्या रोजकीर्दीसारखी आडवी आखलेली वही. तारीख, वेळ, काट्याची जागा, केंद्र, काय ऐकलं, आवाज कसा. काट्याची जागा अचूक लिहिता यावी म्हणून त्यांनी डायलच्या काचेखाली मिलिमीटरच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली होती. जी केंद्रं स्वतःची फ्रिक्वेन्सी सांगतात त्यांच्या खुणा आलेख-कागदावर मांडून त्यातून एक वळणदार रेघ काढली होती. मग कुठल्याही जागी काटा असला की त्या रेघेवरून किलोसायकल काढायचे. वीस-तीस किलोसायकल इकडेतिकडे, पण घरगुती सेटवर यापेक्षा जास्त कुणाला जमलं असेल असं मला वाटत नाही.

या वहीतून ते परदेशी केंद्रांना पत्रं पाठवायचे. अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक फ्रिक्वेन्सीवर तुम्हाला ऐकलं, कार्यक्रमात हे हे होतं, आवाजाची प्रत अशी अशी. प्रतीसाठी पाच आकड्यांचा एक संकेत असतो: आवाजाचा जोर, दुसऱ्या केंद्राचा त्रास, खरखर, चढउतार आणि एकूण. "44434" असं काहीतरी अण्णा फार विचार करून लिहायचे. नोंद बरोबर निघाली की केंद्राकडून एक छापील चित्रकार्ड यायचं, त्याला क्यूएसएल कार्ड म्हणतात. अशी तेवीस कार्डं आमच्या देवघराशेजारच्या भिंतीवर ओळीनं लावलेली होती. आल्या-गेल्याला ती दाखवायचा मान माझा.

1969 च्या 21 जुलैला, रात्री पावणेदोनच्या सुमाराला माणूस चंद्रावर उतरला. आमच्या दोन खोल्यांत त्या रात्री अर्धा वाडा बसला होता आणि अण्णा व्हॉइस ऑफ अमेरिका लावून एकेक वाक्य मराठीत सांगत होते. त्या रात्रीनंतर वाड्यात त्यांचा शब्द म्हणजे रेडिओच्या बाबतीत शेवटचा शब्द झाला. हे सांगतोय कारण पुढे जे झालं ते लागायला हीच उंची कारण होती.

त्याच पावसाळ्यात सेट बिघडला. गल्लीतल्या एका कारागिरानं दुरुस्त केला. आवाज परत आला, अण्णा खूश. आणि दिवाळीनंतर एका रात्री त्यांना एक परदेशी केंद्र सापडलं, पण भलत्याच जागी. हे केंद्र एरवी 25 मीटरवर असायचं, तिथे आता ते अगदी क्षीण येत होतं. मात्र काटा खाली आणला तर 25 आणि 31 मीटरच्या मधल्या ओसाड पट्टीत, साधारण साडेसत्तावीस मीटरवर, तेच केंद्र स्वच्छ लागत होतं. त्या पट्टीत तेव्हा एरवी गाणी-बातम्यांचं कुणी नसायचं, नुसती तारायंत्राची कटकट. अण्णांनी आठ रात्री लागोपाठ ऐकलं, लिहिलं. मग ओट्यावर जाहीर केलं, "यांनी नवीन फ्रिक्वेन्सी सुरू केली आहे. अजून कुठे छापून आलेली नाही." आणि सविस्तर पत्र पाठवलं. 10,900 किलोसायकल. परत टपालासाठी पोस्टातून आंतरराष्ट्रीय कुपन घेऊन जोडलं, ते काही स्वस्त नसे.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. कार्ड नव्हतं, टाइप केलेलं चार ओळींचं पत्र होतं. आपण दिलेला कार्यक्रमाचा तपशील आमच्याशी जुळतो, परंतु आम्ही या फ्रिक्वेन्सीवर प्रसारण करत नाही, सबब आपली नोंद प्रमाणित करता येत नाही.

केंद्राचं नाव लिहीत नाही. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण ते पत्र ओट्यावर एका काकांनी मोठ्यानं वाचलं. कुणी म्हणालं, "अण्णा, कार्यक्रम कुठल्या मासिकात छापलेला असतो का हो आधी?" म्हणजे त्यावरून लिहिलंत का. थट्टाच होती. अण्णांनी थट्टा म्हणून घेतली नाही. ज्या माणसानं पंचवीस वर्षं गिरणीच्या वहीत एक खोटा आकडा लिहिला नाही, त्याच्यावर खोट्या नोंदीचा संशय.

मी तेव्हा बी.कॉम.ला. एकोणीस वर्षांचा, स्वतःला फार शहाणा समजणारा. घरात आल्यावर मी म्हणालो, "अण्णा, ऐकू कमी यायला लागलं की माणूस उरलेलं मनानंच भरतो."

आई पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. अण्णा काही बोलले नाहीत. वही बंद केली, तिला सुतळी बांधली आणि फडताळाच्या वरच्या खणात ठेवली. काही दिवसांनी भिंतीवरची कार्डंही उतरली. रेडिओ चालू राहिला, पण बातम्या आणि गाण्यांपुरता. रात्री दहानंतरची बैठक संपली.

1973 मध्ये मी बँकेत लागलो. पहिली शाखा नर्मदेकडच्या एका तहसिलीच्या गावात. तेव्हा सगळं काम हातानं, आणि 30 जून व 31 डिसेंबर या दोन रात्री म्हणजे परीक्षाच. लेजरमधल्या सगळ्या खात्यांची बेरीज आणि जनरल लेजरचा आकडा जुळला पाहिजे. जुळत नाहीच. रात्रीचे दोन, समोर बटाट्याचे थंड भजे आणि फरक शिल्लक.

आमचे अकाउंटंट साहेब मंदसौरकडचे, फार अनुभवी. त्यांनी फरक शोधायच्या दोन युक्त्या शिकवल्या, इथल्या बँकवाल्यांना त्या माहीतच असतील. फरकाला नवानं भाग जात असेल तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, 54 च्या जागी 45. आणि फरक सम असेल तर, "पहले उसका आधा करो." कारण जमेची रक्कम चुकून नावे पडली तर फरक तिच्या दुप्पट येतो. एकदा 284 रुपयांचा फरक होता. अर्धे केले, 142. लेजरमध्ये 142 शोधले, पंधरा मिनिटांत सापडले: पैसे काढल्याची नोंद, भरल्याच्या बाजूला बसलेली. रक्कम बरोबर, खातं बरोबर, फक्त बाजू चुकलेली. मला तेव्हा ही जादूच वाटली होती.

मग 1975. जूनअखेर आणीबाणी लागली, वर्तमानपत्रांतून बातम्या गेल्या, आणि लोक पुन्हा शॉर्टवेव्हकडे वळले. संध्याकाळी बीबीसीची हिंदी सभा ऐकायला माणसं शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही अशा आवाजात रेडिओ लावायची. दिवाळीत मी घरी आलो होतो. तेच ओट्यावरचे काका दारात येऊन हळूच विचारू लागले, "अण्णा, बीबीसी आजकाल नीट कुठं लागतं हो?"

अण्णा म्हणाले, "मला नका विचारू. माझं ऐकणं प्रमाणित नाही."

सहा वर्षं झाली होती. मला वाटत होतं ते विसरले असतील.

त्या रात्री मी फडताळावरून वही काढली, सुतळी सोडली. निमित्त असं की जुन्या नोंदींतून बीबीसीच्या जागा काढून काकांना कागदावर लिहून द्याव्यात. पण वाचता वाचता मी 1969 च्या त्या पानांवर आलो. अण्णांनी तिथे एक गोष्ट केली होती जी मी तेव्हा पाहिलीच नव्हती. एकाच रात्री, एकाच कार्यक्रमासाठी दोन-दोन ओळी: एक 25 मीटरवरची क्षीण नोंद, दुसरी खालची स्वच्छ नोंद. फक्त त्या केंद्राची नव्हे, सिलोनचीही, मॉस्कोचीही. हिशेबनिसाची सवय, दिसेल ते सगळं लिहायचं.

मी सवयीनं समासात वजाबाकी करत गेलो. 920. 900. 890. 930. 910. केंद्र कुठलंही असो, दोन जागांमधला फरक तोच, काट्याच्या वीस किलोसायकलच्या अंतरानं मागे-पुढे. सरासरी 910. मनानं भरणारा माणूस दर वेळी तोच फरक कसा भरेल?

मग साहेबांचं आठवलं, आधा करो. 455.

या आकड्याला काही अर्थ आहे का हे मला ठाऊक नव्हतं. पण सकाळी रेडिओची मागची पुठ्ठ्याची पाठ काढली तर आतल्या बाजूला व्हॉल्व्हच्या जागा दाखवणारा पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता, आणि त्याच्या खालच्या ओळीत छापलं होतं: आय.एफ. 455 किलोसायकल. मी तिथे फरशीवर बसूनच राहिलो.

सेट टांग्यात घालून जेल रोडवर नेला. तिथे एक जुने मुसलमान मेकॅनिक होते, युद्धाच्या काळात फौजेत वायरलेसवर काम केलेले. वही दाखवली, 910 सांगितले. त्यांनी वही उघडून शांतपणे चार पानं वाचली आणि मला विचारलं, "ये किसने लिखा है?" मी म्हटलं, वडिलांनी. ते म्हणाले, "बाबूजी ने सब सही सुना है। ये इमेज है।"

त्यांनी जे समजावलं ते मी बँकेच्या भाषेत सांगतो.

हवेतून हजार केंद्रं येतात, प्रत्येकाचा आकडा वेगळा. सेटला प्रत्येक आकड्यासाठी वेगळं यंत्र ठेवणं परवडत नाही. म्हणून तो एक युक्ती करतो, जे केंद्र हवं त्याचा आकडा बदलून कायम एकाच ठरलेल्या आकड्यावर आणतो, आणि सगळी ताकद, सगळी गाळणी त्या एका आकड्यासाठीच बनवलेली असते. तो आकडा म्हणजे 455. ही युक्ती एडविन आर्मस्ट्राँग नावाच्या अमेरिकन सैन्यातल्या अधिकाऱ्यानं 1918 मध्ये पॅरिसमध्ये असताना काढली. (चंद्रावरचे आर्मस्ट्राँग वेगळे. अण्णांना हा योगायोग फार आवडला होता.)

बदलायचं कसं? सेटच्या आत एक छोटं स्वतःचं केंद्र असतं, ते डायलवरच्या आकड्याच्या नेहमी 455 वर चालतं. काटा 10,900 वर ठेवला की आतलं चालतं 11,355 वर. बाहेरून 10,900 चं केंद्र आलं की दोघांतला फरक 455, गाळणीतून पास, आवाज आला.

आता बाहेरून 11,810 चं केंद्र आलं तर? 11,810 वजा 11,355. तोही फरक 455. तोही पास!

सेटला फक्त फरक कळतो, तो जमेचा की नावेचा हे कळत नाही. आरशात जसं आपण उभे असतो तितक्याच अंतरावर पलीकडे आपलं रूप दिसतं, तसं आतल्या केंद्राच्या दोन्ही बाजूंना 455 अंतरावर दोन जागा असतात, एक खरी आणि एक प्रतिमेची. दोघांतलं अंतर 455 ची दुप्पट, 910. म्हणून जोरदार केंद्र आपल्या खऱ्या जागेखेरीज डायलवर 910 किलोसायकल खाली पुन्हा एकदा ऐकू येतं. 25 मीटरवरचं केंद्र साडेसत्तावीसवर सापडतं. रक्कम बरोबर, खातं बरोबर, बाजू चुकलेली. आमचे मंदसौरचे साहेब रेडिओ न उघडता बरोबर होते.

मी विचारलं, मग मिडियम वेव्हवर असं का होत नाही? मेकॅनिक म्हणाले, दारावर दरबान असतो. हवाई तारेतून आत येताना पहिल्या कॉइलचं काम म्हणजे नको ती मंडळी बाहेर थांबवणं. मिडियम वेव्हवर 600 किलोसायकल हवे असतील तर प्रतिमा असते 1510 वर, अडीचपट दूर, तिला दरबान लांबूनच ओळखतो. शॉर्टवेव्हवर 10,900 आणि 11,810. फरक तोच 910, पण एकूण आकड्याच्या मानानं नऊ टक्केसुद्धा नाही. जुळ्या भावांसारखे दिसतात, दरबान दोघांनाही आत सोडतो. 19 मीटर, 16 मीटरकडे जावं तसा प्रकार वाढतच जातो. मोठ्या सेटांत म्हणून दारावर आणखी एक दरबान ठेवतात, आणि फौजेच्या किंवा फार महागड्या सेटांत आकडा दोन टप्प्यांत बदलतात. पहिला टप्पा मोठ्या आकड्यावर, म्हणजे प्रतिमा इतकी दूर जाते की कुणालाही ओळखता यावी. दुसरा लहान आकड्यावर, म्हणजे शेजारशेजारची केंद्रं वेगळी करता यावीत. घरगुती पाच व्हॉल्व्हच्या सेटात एकच टप्पा आणि एकच दरबान.

"पण आमच्याकडे तर प्रतिमाच खऱ्यापेक्षा जोरात होती," मी म्हणालो.

त्यावर ते हसले. त्यांनी सेट उलटा केला, आत एक छोटा स्क्रू दाखवला. कधीतरी दुरुस्तीत कुणीतरी हा फिरवला होता. सेट 10,900 दाखवत असताना दरबान उभा होता 11,810 च्या दाराशी. घरच्याला बाहेर, जुळ्याला आत. प्लास्टिकची विणायची सुई घासून त्यांनी पेचकस केला होता, कारण लोखंडाचा जवळ नेला की मोजमापच बदलतं. त्या सुईनं तो स्क्रू थोडा थोडा फिरवत, ऐकत, पुन्हा फिरवत, अर्ध्या तासात काम संपलं. पैसे त्यांनी फार थोडे घेतले. म्हणाले, "पिताजी से कहना, सेट ने नंबर गलत बताया था।"

रात्री साडेदहाला मी अण्णांना सेटपाशी बसवलं. आधी काटा 25 मीटरवर नेला. तेच केंद्र, आता खणखणीत, हिरवा डोळा मिटायला आलेला. मग काटा खाली आणत साडेसत्तावीसवर. तिथे खरखर, आणि तिच्या खाली, अगदी बारीक, तोच निवेदक.

अण्णांनी उजवा कान जाळीला लावला. बराच वेळ. मग म्हणाले, "आहे अजून."

मी कागदावर आकडे मांडून दाखवले. 10,900, 11,355, 11,810. त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि वजाबाकी स्वतः करून पाहिली, दोन वेळा. हिशेबनीस दुसऱ्याची वजाबाकी घेत नाही. मग वही मागितली, आणि गिरणीतली लाल शाईची दौत.

बँकेत किंवा पेढीवर काम केलेल्यांना सांगायला नको की चुकीचा आकडा खोडायचा नसतो, खरवडायचा नसतो. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, वर बरोबर आकडा, बाजूला सही. अण्णांनी 1969 च्या पावसाळ्यापासूनच्या त्या पट्टीतल्या सगळ्या नोंदी काढल्या. एकेचाळीस होत्या. प्रत्येकीत 910 मिळवायचे, माहीत असलेल्या केंद्राशी जुळतं का पाहायचं, जुळलं तर लाल रेघ, वर नवा आकडा, सही. रात्रीचा एक वाजला. अडतीस जुळल्या. तीन जुळल्या नाहीत. मी म्हटलं, राहू द्या, जवळपास आहेत. ते म्हणाले, "जवळपास म्हणजे काय? उचंत खात्यात." आणि त्या तिघींपुढे खरोखर "उचंत" असं लिहिलं.

पान संपल्यावर त्यांनी खाली एक आडवी रेघ ओढली, दौत माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "तपासणाऱ्याची सही लागते. कर."

एकोणीसाव्या वर्षी जे बोललो होतो ते परत घ्यायला मी सहा वर्षं शब्द शोधत होतो, मिळाले नव्हते. मी "तपासलं, बरोबर" असं लिहिलं, सही केली, खाली तारीख घातली. त्यांनी टीपकागद दाबला. आई आतून म्हणाली, "झाला का तुमचा ताळेबंद? झोपा आता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या केंद्राला पत्र टाकलं. कार्ड मागितलं नाही. एवढंच लिहिलं की माझ्या 1969 च्या पत्रातली फ्रिक्वेन्सी चुकीची होती, कारण असं असं, दुरुस्त आकडा अमुक, कृपया आपल्या दप्तरी नोंद घ्यावी. कुपनही जोडलं नाही. उत्तर आलं नाही, आणि त्यांनी वाटही पाहिलेली मला दिसली नाही. पण संक्रांतीला घरी आलो तेव्हा तेवीस कार्डं पुन्हा भिंतीवर होती आणि संध्याकाळी काका बीबीसी ऐकायला आमच्याकडेच बसले होते.

अण्णा 1991 मध्ये गेले. शेवटच्या वर्षांत उजवा कानही कमी झाला होता, तरी रात्री सेटपाशी बसायचे, हिरव्या डोळ्याकडे पाहून केंद्र ओळखायचे. आता शॉर्टवेव्हवर फारसं कुणी उरलं नाही. बीबीसीची हिंदी सभाही 2020 च्या जानेवारीअखेर बंद झाली. वाडा पडून तिथे इमारत झाली. सेट माझ्याकडे आहे, चालत नाही. वही चालते.

मागच्या दिवाळीत पुण्याहून नातू आला होता. त्यानं कॉम्प्युटरला अंगठ्याएवढं एक यंत्र लावून पडद्यावर सगळी केंद्रं रेघांसारखी दाखवली. मधोमध एक रेघ, उजवीकडे एक ठळक केंद्र, आणि डावीकडे तितक्याच अंतरावर त्याचीच फिकी सावली. तो म्हणाला, "आजोबा, हे डावीकडचं बहुतेक दुसरं स्टेशन आहे." मी म्हटलं, थांब, आधी अंतर मोज. मोजलं, दोन्हीकडे सारखं. मग त्याला वही दाखवली. त्यानं लाल रेघांच्या पानाचा फोटो काढला, तोच सोबत जोडला आहे. खालची लहान सही माझी.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशा नोंदवह्या, कार्डं असतील तर रद्दीत देण्याआधी एकदा उघडून पाहा. आणि जेल रोडवरच्या त्या मेकॅनिकांना ओळखणारं इथे कुणी असेल तर मला निरोप पाठवा. अण्णांची वही बिनचूक आहे हे सगळ्यांत आधी त्यांनी सांगितलं होतं, आणि मी त्यांचं नावही नीट विचारून घेतलं नाही.

चू. भू. द्या. घ्या.